गडचिरोलीतले हत्ती परके की मूळचे? जमिनीतला आणि कागदावरचा पुरावा काय सांगतो?

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा एक कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला. हा कळप मूळचा ओडिशाकडचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो गडचिरोलीच्या जंगलात फिरत राहिला, मधूनमधून गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतही जाऊन आला. वाटेत घरं पडली, धानाची शेतं तुडवली गेली, काही माणसांचे जीवही गेले. आजोबा-पणजोबांच्या आठवणीतही इथे रानटी हत्ती नव्हते. त्यामुळे गावागावांत एक प्रश्न विचारला जाऊ लागला: हे हत्ती इथले आहेत का? की बाहेरून घुसलेलं हे संकट आहे, जे आलं त्या वाटेने परत पाठवायला हवं?

या प्रश्नाचं उत्तर भावनेवर देता येत नाही. एखादा प्राणी एखाद्या प्रदेशात पूर्वी राहत होता की नाही, हे ठरवण्याची एक पद्धत आहे. त्यात हाडं, दात, तलावातला गाळ, जुने ग्रंथ आणि राजांच्या दफ्तरातल्या नोंदी एकमेकांसमोर ठेवून तपासल्या जातात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हत्तीच्या बाबतीत हा तपास कसा करता येतो आणि आतापर्यंतचा पुरावा कुठे घेऊन जातो, ते समजून घेऊ.

‘मूळचा’ ठरल्याने काय फरक पडतो?

कायद्याच्या दृष्टीने हत्ती कुठूनही आला तरी संरक्षित आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला ‘राष्ट्रीय वारसा प्राणी’ म्हणून घोषित केलं. पिकाची नुकसानभरपाई देतानाही हत्तीचं गाव विचारलं जात नाही.

फरक पडतो तो नियोजनात. हत्ती पाहुणा मानला, तर मशाली आणि फटाक्यांनी त्याला सीमेपार लोटणं हाच उपाय वाटतो. पण तो जुन्या घरी परतलेला प्राणी असेल, तर तो पुन्हा येणार हे गृहीत धरून त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटा, गावांना वेळेवर सूचना देण्याची यंत्रणा, पीकपद्धती आणि कायमस्वरूपी प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा विचार करावा लागतो.

जागतिक पातळीवर निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या ‘आययूसीएन’ या संस्थेने २०१३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्राण्याच्या ‘मूळ प्रदेशा’ची व्याख्या केली आहे. लेखी किंवा तोंडी ऐतिहासिक नोंदी, अथवा प्राणी तिथे असल्याचा प्रत्यक्ष भौतिक पुरावा, यांवरून जो प्रदेश समजतो किंवा अनुमानाने ठरवता येतो, तो त्याचा मूळ प्रदेश. म्हणजे इतिहास आणि पुरातत्त्व या दोन्ही दारांनी या प्रश्नाकडे जाता येतं.

सगळ्यात थेट नोंद कोणती?

ती सोळाव्या शतकाच्या अखेरची आहे. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’ या फारसी ग्रंथात मोगल साम्राज्यातल्या प्रत्येक सुभ्याची माहिती दिली आहे. वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना तो चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख करतो. हा राजा म्हणजे बाबाजी बल्लाळशाह. त्याच्याकडे १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचं तो सांगतो. वैरागड त्याच्या ताब्यात असून तिथे हिऱ्यांची खाण आहे, हेही नोंदवतो. आणि याच मजकुरात रानटी हत्ती विपुल असल्याचं एक छोटं वाक्य येतं.

वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. तिथल्या किल्ल्याचे अवशेष अजून उभे आहेत. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या हत्ती-माणूस संघर्षाच्या परिसराकडेच बोट दाखवते.

एका वाक्यावर किती विसंबायचं? अबुल फजल स्वतः वैरागडला येऊन हत्ती मोजून गेला असं मानण्याचं कारण नाही. तो अधिकाऱ्यांकडून आलेली माहिती एकत्र करत होता. पण हत्ती ही मोगलांच्या दृष्टीने लष्करी संपत्ती होती. रानटी हत्ती कुठे मिळतात याची माहिती चुकीची असणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्याच ग्रंथात शाही हत्तीखान्याच्या प्रकरणात रानटी हत्तींच्या प्रदेशांची वेगळी यादी आहे. नरवरपासून वऱ्हाडापर्यंतची जंगलं, पन्ना, रतनपूर, सरगुजा, बस्तर, हंडिया, होशंगाबाद, गढा, रोहतास, झारखंड, ओडिशा अशी नावं त्यात येतात. यातलं बस्तर गडचिरोलीला लागूनच आहे. दोन वेगळ्या प्रकरणांतली माहिती एकमेकांशी जुळते, ही गोष्ट महत्त्वाची.

इतर मोगल नोंदीही हेच चित्र पक्कं करतात. अकबराने १५६४ मध्ये नरवरच्या जंगलात रानटी हत्ती पकडले होते. जहांगीरच्या काळात, १६१८ च्या सुमारास, गुजरातेतल्या दोहदच्या परिसरात हत्ती पकडण्याची मोहीम झाली. आज नरवर किंवा दोहदमध्ये रानटी हत्तीची कल्पनाही करता येत नाही. तेव्हाचं मध्य भारतातलं हत्तींचं क्षेत्र आजच्यापेक्षा किती तरी पश्चिमेपर्यंत पसरलं होतं. त्या नकाशावर गडचिरोली काठावर नव्हे, बरीच आत येते.

त्याहून जुन्या ग्रंथांत विदर्भ आहे का?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोणत्या प्रदेशातले हत्ती चांगले याची प्रतवारी आहे. कलिंग, अंग, पूर्वेकडचे प्रदेश आणि चेदी-करूष इथले हत्ती उत्तम, दशार्ण आणि अपरान्त इथले मध्यम, तर सौराष्ट्र आणि पंचनद इथले कनिष्ठ. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही गजवनांचं असंच वर्णन येतं.

या यादीत विदर्भ हे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यावरून ‘विदर्भात हत्ती नव्हते’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ही राजांच्या उपयोगाची यादी होती, प्राणिगणना नव्हे. पण ‘अर्थशास्त्रात विदर्भाच्या हत्तींचा उल्लेख आहे’ असंही म्हणता येत नाही. पुरावा जितकं बोलतो तितकंच त्याच्याकडून ऐकायचं, हा या कामातला पहिला नियम.

अर्थशास्त्रातल्या दुसऱ्या काही गोष्टी मात्र पुरातत्त्वासाठी कामाच्या आहेत. हत्तीला मारणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस आहे. पकडायचा हत्ती वीस वर्षांच्या आसपासचा असावा, पिल्लं, आजारी हत्ती आणि गाभण किंवा पाजणाऱ्या हत्तिणी पकडू नयेत, असेही नियम आहेत. हे नियम जमिनीत सापडणाऱ्या अवशेषांचा अर्थ लावताना पुढे उपयोगी पडतात.

चंद्रपूरच्या वेशीवरचे हत्ती हा पुरावा नाही का?

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचं शिल्प दिसतं. हे गोंड राजांचं राजचिन्ह. ‘इथे हत्ती होते म्हणूनच ते कोरले’ असं अनेकदा सांगितलं जातं.

पण हाच न्याय लावायचा तर सिंहाचं काय? भारतातल्या सिंहाची दक्षिण सीमा साधारणपणे नर्मदा मानली जाते. चंद्रपूरच्या दरवाज्यावर सिंह कोरला म्हणून इथल्या जंगलात सिंह होता असं कोणी म्हणत नाही. मग त्याच दगडातल्या हत्तीला वेगळा न्याय लावता येणार नाही. दोन्ही आकृत्या सत्तेच्या खुणा आहेत, प्राण्यांची हजेरी नव्हे.

अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) दायमाबाद इथे १९७४ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध ब्राँझ वस्तूंमध्ये हत्ती, गेंडा आणि म्हैस आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही हत्तींचे कळप आहेत. कलाकाराने हत्ती पाहिला होता, एवढं त्यातून नक्की कळतं. तो कुठे पाहिला, रानात की राजाच्या पागेशेजारी, हे चित्र सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या शैलाश्रयांत काही हत्तींवर माणसं बसलेली दिसतात. तिथे तरी निदान पाळलेला हत्ती ओळखता येतो. बिनस्वाराचा हत्ती मात्र रानटीच असेल असं ठरत नाही.

आणि हस्तिदंत?

हस्तिदंताची अडचण अशी की तो प्रवास करतो. इटलीत पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य आहे. पॉम्पेईत हस्तिदंत सापडला म्हणून इटलीत हत्ती होते असं ठरत नाही. मग भोकरदनमध्ये सापडला म्हणून मराठवाड्यात होते असंही ठरत नाही. सुळा जंगलातून बाजारपेठेत, तिथून कारागिराकडे आणि मग जहाजातून परदेशी जाऊ शकतो.

सापडलेला तुकडा हस्तिदंतच आहे की साधं हाड, हे मात्र ओळखता येतं. सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हत्ती आणि नामशेष झालेला मॅमथ यांच्या सुळ्यांत या रेषांचा कोनही वेगळा असतो.

मग खरा पुरावा म्हणजे हाडं?

हो, पण इथेही एक पेच आहे. गाय, म्हैस, शेळी हे प्राणी हजारो वर्षं माणसाच्या गोठ्यात वाढले आणि त्यांची हाडं त्यांच्या रानटी भाईबंदांपेक्षा वेगळी झाली. हत्तीचं तसं झालं नाही. लहान पिल्लू कामाला येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षं पोसावं लागतं आणि मोठा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खातो. त्यामुळे राजांनी हत्तींची पैदास करण्यापेक्षा रानातून तयार हत्ती पकडणं पसंत केलं. इतिहासकार थॉमस ट्राउटमन यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात ही मांडणी सविस्तर केली आहे. राजाला हत्ती हवा, म्हणून त्याला हत्तीचं जंगलही राखावं लागलं.

याचा अर्थ, राजाच्या दारातला हत्तीसुद्धा शरीराने रानटीच होता. नुसत्या हाडावरून तो जंगलात मेला की हत्तीखान्यात, हे सांगता येत नाही. आजचं उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्यासाठी ठेवलेले हत्ती आणि त्यांची पुढची पिढी तिथे राहते. पाचशे वर्षांनी कुणी तिथे उत्खनन केलं आणि हत्तीचं हाड सापडलं, तर ते रानटी हत्तीचं समजणं चूक ठरेल.

दुसरा पेच काळाचा. गोदावरीच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरजवळ हत्तीची प्राचीन कवटी सापडली होती. भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. पण ती आजच्या आशियाई हत्तीची नाही. ‘पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस’ या नामशेष झालेल्या, अवाढव्य आणि सरळ सुळ्यांच्या हत्तीची आहे. ‘महाराष्ट्रात हत्तीचं जीवाश्म सापडलं’ या बातमीचा गडचिरोलीतल्या हत्तीशी थेट संबंध जोडता येत नाही, तो यामुळेच. आधी जात ठरवायची, मग काळ, मग बाकीचं.

हत्तीएवढ्या प्राण्याची हाडं सहज का सापडत नाहीत?

कारण पुरातत्त्वज्ञ बहुतेक वेळा माणसाच्या वस्त्या खोदतात आणि हत्ती वस्तीत मरत नाही. वस्तीत सापडणारी हाडं ही मुख्यतः खाऊन टाकलेल्या जनावरांची असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये जी. एल. बदाम, पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर अशा संशोधकांनी महाराष्ट्रातल्या उत्खननांतल्या हाडांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा संग्रहांत गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांचा भरणा मोठा असतो. नागपूरजवळच्या माहूरझरी आणि नैकुंड इथल्या महापाषाणीय शिळावर्तुळांत घोड्याचे अवशेष मिळाले, कारण त्या लोकांनी घोडा मुद्दाम मृतांसोबत पुरला होता. चितळ किंवा रानडुक्कर उचलून गावात आणता येतं. तीन टनांचं धूड कोण आणणार? मांस तिथेच कापायचं, हाडं तिथेच सोडायची.

रानात पडलेलं हाड फार काळ टिकत नाही. तरस, साळिंदर, कीटक, ऊन आणि पाऊस मिळून त्याचा भुगा करतात. पानगळीच्या जंगलातली आम्लधर्मी माती हाडातलं कॅल्शियम विरघळवते. हाड टिकायचं तर ते लवकर गाडलं जायला हवं: नदीच्या गाळात, गुहेत किंवा दलदलीत. म्हणून वैनगंगा, वर्धा, प्राणहिता यांचे जुने गाळाचे थर या शोधासाठी वस्तीच्या टेकाडांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. शिवाय विदर्भातली बरीच मोठी उत्खननं नागपूरच्या आसपास झाली आहेत. गडचिरोलीचं घनदाट जंगल त्या मानाने कुदळीपासून दूरच राहिलं.

चिकाटीने शोधलं तर काय मिळू शकतं, याची उदाहरणं आहेत. गुजरातेत लांघणज इथे मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचं हाड सापडलं आणि आज जिथे गेंडा नाही तिथे तो होता हे कळलं. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कोरीव कवचं मिळाली. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतल्या डीएनएवरून त्यांचं आफ्रिकी शहामृगाशी नातं दाखवलं.

दातातून हत्तीचा पत्ता कसा कळतो?

हत्तीच्या सांगाड्यात सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे दाढ. आयुष्यभरात हत्तीला दाढांचे सहा संच येतात. एक झिजला की मागून दुसरा सरकतो. त्यामुळे दाढ पाहून वय सांगता येतं. इथे अर्थशास्त्राचा नियम कामाला येतो. पकडले जाणारे हत्ती मोठे असत. मग एखाद्या नदीकाठच्या थरात पिल्लांच्या, माद्यांच्या आणि म्हाताऱ्या हत्तींच्या दाढा मिसळलेल्या सापडल्या, तर तो राजाचा हत्तीखाना नव्हे, रानातला कळप असण्याची शक्यता बळावते.

दुसरी गोष्ट, दाढेवरचं इनॅमल. हत्ती जे खातो आणि पितो त्याची रासायनिक खूण त्यात उमटते. झाडपाला आणि धान यांच्या कार्बनची खूण एक प्रकारची, तर उष्ण प्रदेशातलं गवत, ज्वारी आणि ऊस यांची दुसऱ्या प्रकारची असते. दाढ बनायला काही वर्षं लागतात, म्हणून तिच्यावर ओळीने नमुने घेतले तर त्या काळातला आहार वाचता येतो. ऋतूप्रमाणे पाला आणि गवत यांचा पाळणा दिसला तर रान, अचानक बदल होऊन एकसुरी चारा दिसला तर दावण, असा अंदाज बांधता येतो.

तिसरी खूण स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची. खडकातून ते मातीत, मातीतून झाडात आणि तिथून दातात जातं. इथे विदर्भाची जमीन संशोधकांच्या मदतीला येते. पश्चिम विदर्भ काळ्या बेसाल्टवर उभा आहे, तर गडचिरोलीचा बराच भाग अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवर. दोन्हींच्या स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणात स्पष्ट फरक असतो. अमरावतीकडे वाढलेला हत्ती आणि गडचिरोलीत वाढलेला हत्ती यांचे दात वेगळी साक्ष देतात. बस्तरचा मोठा भागही तशाच जुन्या खडकांवर असल्याने गडचिरोली आणि बस्तर वेगळं काढणं मात्र कठीण जातं.

मामा तलावांचा गाळ का महत्त्वाचा?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यातले कित्येक गोंड राजवटीच्या काळातले. अशा तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक थर बसतो आणि त्यात परागकण, कोळशाचे कण, गवताचे सिलिकाकण आणि शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू अडकतात. नळी ठोकून हा गाळ उभाच्या उभा काढला, तर तो त्या परिसराच्या बखरीसारखा वाचता येतो. जंगल कधी दाट होतं, कधी आगी वाढल्या, शेती कधी आली, मोठे तृणभक्षी किती होते, हे त्यातून कळतं.

अशा सूक्ष्म कणांची ताकद चंद्रपूर जिल्ह्याने जगाला दाखवली आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथे डायनोसॉरची जीवाश्म बनलेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सिलिकाकण असल्याचं २००५ मध्ये संशोधकांनी सिद्ध केलं आणि गवताचा इतिहास डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे गेला. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं जेवण जर ओळखता येतं, तर चारशे वर्षांपूर्वीचं जंगल वाचणं अशक्य नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. शेणावरची बुरशी हत्तीची आणि गाईची लीद वेगळी सांगत नाही. उष्ण हवामानात गाळातला डीएनए लवकर खराब होतो. त्यातच तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं. शेतीसाठी ते हिताचं आहे, पण खोदकामाआधी एखाद्या कोपऱ्यातून नमुना घेतला नाही, तर शतकांचा दस्तऐवज बांधावर पसरून जातो.

रानम्हशीचा प्रश्न वेगळा कसा?

सिरोंचा वनविभागातलं कोलामार्का २०१३ मध्ये रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. महाराष्ट्रात रानम्हैस उरली ती याच भागात. तिच्या बाबतीत पुरातत्त्वाचा पेच हत्तीच्या उलट आहे. म्हैस पाळीव झाली, त्यामुळे रानटी आणि पाळीव यांत आकाराचा, शिंगाच्या गाभ्याचा फरक पडतो आणि हाडावरून काही सांगता येतं. पण दोघींचा संकर होतो आणि गावच्या म्हशी जंगलात चरतात, म्हणून मधल्या मापाचं हाड सापडलं की अडचण होते. दोन प्राणी, एकच जंगल, पण पुरावा तपासण्याची कसोटी वेगवेगळी.

मग हत्ती गेले कुठे?

एका घावात ते गेले नाहीत. शतकानुशतकं सैन्यासाठी हत्ती पकडले गेले. हत्तिणीच्या दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे कळपाची भर लवकर भरून येत नाही. बंदुका आणि तोफा आल्यावर युद्धातलं हत्तीचं महत्त्व घटलं आणि त्याच्यासाठी जंगल राखण्याचं राजांना असलेलं कारणही संपलं. नंतर शेती पसरली, सागाची तोड वाढली, रस्ते आणि रेल्वे आली. १८६० च्या दशकात मध्य भारतात फिरलेल्या जेम्स फोर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने रानटी हत्तींची नोंद केली ती बिलासपूरच्या उत्तरेकडच्या जंगलांत. म्हणजे तोवर त्यांचं क्षेत्र ईशान्येकडे आक्रसलं होतं. आशियाभर हेच झालं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १७०० पासून आशियाई हत्तीला योग्य असलेला सुमारे ६४ टक्के अधिवास नाहीसा झाला.

ओडिशा आणि झारखंडमध्ये खाणी आणि तुटलेली जंगलं यांमुळे हत्ती पुन्हा हलू लागले. आधी ते छत्तीसगडमध्ये आले आणि मग गडचिरोलीत. दक्षिणेकडे २००२ पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेल्या हत्तींचीही गोष्ट अशीच आहे. कुनोतल्या चित्त्यांसारखं त्यांना विमानाने कुणी आणलं नाही. ते चालत आले.

सगळं मिळून काय ठरतं?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस वैरागड-चांदा परिसरात रानटी हत्ती होते, याला लेखी पुरावा आहे. शेजारच्या बस्तरची आणि मध्य भारतातल्या इतर प्रदेशांची नोंद त्याला दुजोरा देते. वेशीवरची शिल्पं आणि हस्तिदंती वस्तू या पारड्यात टाकण्याची गरज नाही. त्या काढून टाकल्या तरी निष्कर्ष उभा राहतो. जमिनीतला पुरावा या निष्कर्षाला खोली देऊ शकतो: हत्ती किती आधीपासून होते, वर्षभर राहत की ऋतूप्रमाणे येत, कोणत्या वाटांनी फिरत.

या पुराव्याची सुरुवात अनेकदा प्रयोगशाळेत नव्हे, नदीकाठी होते. पुरानंतर दरड कोसळते, विहीर खोदताना काहीतरी लागतं, रेती काढताना जड, दगडासारखं हाड हाती येतं. अशा वेळी ते धुऊन घरी नेल्यास किंवा तुकडे वाटून घेतल्यास बराचसा पुरावा तिथेच संपतो, कारण हाडाचं वय आणि अर्थ ते ज्या थरात होतं त्यावर ठरतो. जागेचा आणि थराचा फोटो काढून, हाड न हलवता तहसील कार्यालय, वनविभाग किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवणं हे योग्य.

हत्ती इथला होता हे मान्य केलं म्हणजे त्याने आज तुडवलेलं धान कमी मोलाचं ठरत नाही. चारशे वर्षांपूर्वी वैरागडच्या रानात आजच्याइतकी गावं, तारा आणि रस्ते नव्हते. इतिहास हत्तीला या जंगलाचा जुना रहिवासी ठरवतो. पण त्याच्यासोबत नव्याने राहायला शिकण्याचा खर्च एकट्या कोरची, धानोरा, कुरखेड्याच्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. भरपाई वेळेवर मिळणं, रात्री गावाला सूचना मिळणं आणि वाटा मोकळ्या राहणं ही जबाबदारी ‘पाहुणे जातील’ या आशेवर पुढे ढकलता येत नाही, एवढं हा पुरावा नक्की सांगतो.